भाताची माळ

देवावर माझा विश्वास होता, पण कामापुरता. कुकरखालचा गॅस बारीक केला की मी सासूबाईंची जपमाळ हातात घेई. एक माळ संपली की भात झालेला असे. बोटं नाम घेत, डोकं भाजीत असे.

यजमानांची मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून अँजिओग्राफी झाली. हृदय ठीक निघालं, आम्ही ओरछा गेटजवळच्या घरी परतलो. तिसऱ्या दिवशी जांघेत लिंबाएवढी गाठ आली. मुका मार असेल म्हणून मी गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकायला लागले.

"माझं लोणचं घालतेस का?" हे कण्हत म्हणाले.

मीठ संपलं म्हणून मानिक चौकात गेले. दुकानात शेजारी उभ्या बाईनं विचारलं, "इतना खड़ा नमक? अचार डालोगी, बहनजी?" मी गाठीचं सांगितलं. तिचं हसू मावळलं. "धड़कती है क्या? हाथ रखके देखो. धड़के तो सेंकना बंद, सीधे अस्पताल."

मी परक्या बाईचं ऐकणारी नव्हे. पण मीठ दुकानातच राहिलं. घरी येऊन हलकं बोट ठेवलं, तर गाठ ठोके देत होती.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडदा दाखवला. नळीनं रक्तवाहिनीला पडलेलं भोक बुजलंच नव्हतं. प्रत्येक ठोक्याला रक्त वाहिनीबाहेर, गाठीच्या पिशवीत भोवऱ्यासारखं फिरत होतं. ती फुटली तर जिवावर बेतणार होतं. "दबाकर देखते हैं. नहीं रुका तो ऑपरेशन." पडद्यावर नजर ठेवून त्यांनी यंत्राचा दांडा नेमका त्या भोकावर रोवला आणि अंगाचा भार टाकला. यांनी टॉवेल दातात धरला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांना काम नव्हतं. किल्ल्यांबरोबर माळही पर्समध्ये आली होती, ती काढली. एक झाली, दुसरी झाली, पुढे मोजणं सुटलं. डोक्यात भाजी नव्हती. वाचवा, असंही मी म्हटलं नाही. नुसतं नाम चाललं होतं.

बाईंनी हात उचलला. पडद्यावरचा भोवरा थांबला होता. "बंद हो गया, आंटीजी."

टॉवेल काढून हे म्हणाले, "मुरलं एकदाचं."

मीठ घेताना भेटलेल्या त्या बाईबद्दल मी पुढे दुकानात विचारत राहिले. कुणी ओळखत नव्हतं. तिला देवानं धाडलं का, मला माहीत नाही. पण त्या दिवशी ऐकून घेण्याची बुद्धी माझी नव्हती, एवढं मी स्वतःला ओळखते. ती ज्यानं दिली त्याची मी ऋणी आहे.

भाताला आता घड्याळ लावते. माळ नंतर घेते, बसून.