रेघेचं वरचं टोक

बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले की आरोग्य केंद्रातला तो तक्ता समोर येतो. जन्मताना किंवा पहिल्या आठवड्यात दगावणाऱ्या बाळांची रेघ राज्यात उतरते आहे, देशातही उतरते आहे. "आपला तालुकासुद्धा खाली आला बघा!" नर्सताई खुशीत म्हणाल्या.

तक्त्याखालच्या बाकावर एक पोरगी दीड महिन्याचं बाळ घेऊन लशीसाठी बसली होती. बाळ आठव्या महिन्यातच झालं, पण काचेच्या पेटीत तगलं, असं ती मला सांगत होती. "पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद नि पेन ठेवलं, काकू. याचं नशीब लिहायला."

माझा जळफळाट झाला. या वयात, एवढ्याशा पोरीचा हेवा! माझा मुलगाही आठव्या महिन्यातलाच होता. तेव्हा इथे पेटी नव्हती. तो चौथ्या दिवशी गेला, आणि पाचवीसाठी आईने आणून ठेवलेला कागद तसाच राहिला. पुन्हा मूल झालं नाही. रेघ उतरल्याचा आनंद मला होतो, खरंच होतो. पण ती माझ्यानंतर उतरली, हे काही केल्या गिळवत नाही.

"काकू, तुम्हाला किती मुलं?" तिने विचारलं.

रेघेच्या वरच्या टोकाकडे बघत मी म्हणाले, "एक."