शेवाळावरचं पांढरं कापड

पुण्यात राहून मी समुद्रावर काम करते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी नदीच्या दिशेनं बघतो आणि मग माझी कीव करतो. नातेवाइकांनी तर माझा नादच सोडला आहे. माझा विषय तरंगणारं समुद्री शेवाळ. कोकणातल्या खडकांवर वाढणारं हे तपकिरी, झुडपासारखं शेवाळ लाटांनी तुटतं आणि वाहत जातं. अंगावर मिरीएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्या जोरावर ते पाण्यावर राहतं. त्याच्या आडोशाला खेकड्यांची, कोळंब्यांची, माशांची पिल्लं असतात. उघड्या समुद्रात लपायला दुसरं काही नसतंच. अशा एकेका पुंजक्यात कोण कोण राहतं, ते मी बघते.

पुंजका आणला की त्यातले जीव वेचून वेगळे करायचे आणि मग शेवाळाचा नमुना दाबून वाळवायचा. ताटातल्या पाण्यात ते पसरायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं, वर कापड, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर वजन. वर्तमानपत्र सकाळ-संध्याकाळ बदलावं लागतं आणि आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला संध्याकाळी कुलूप लागतं, म्हणून हे काम घरी, कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत. सगळी मेख कापडात असते. रंगीत कापडाचा रंग उतरतो. नव्या कापडाला खळ असते, ते चिकटतं आणि उचलताना शेवाळाची पानं घेऊनच वर येतं. लागतं ते पांढरं, सुती, धुऊन धुऊन विरविरीत झालेलं.

ते आईकडे असायचं. वैशाख पौर्णिमेला आणि एरवीही विहारात जाताना ती पांढरी सुती साडी नेसायची. साडी विरली की नवी घ्यायची आणि जुनी माझ्याकडे यायची. निळे काठ ती कात्रीनं कापून टाकायची, मग कापडाची कड दातात धरून एक चावा, आणि टर्रकन चौकोन. शेवाळाबद्दल मात्र तिचं मत काही चांगलं नव्हतं. "मंडईत ही जुडी कुणी फुकट घेणार नाही," म्हणायची. एकदा मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिनं आख्खा पुंजका मेथीसारखा निवडून, धुऊन, चाळणीत निथळत ठेवला. माझं सगळं संशोधन मोरीतून गेलं. "किडे होते गं त्यात, सगळे काढले," ती म्हणाली. मी कपाळाला हात लावून बसले आणि बाबा इतके हसले की त्यांची कवळी निसटली.

पुढे तिचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. घरात एकीचं वरण अळणी आणि दुसरीचे खाऱ्या पाण्याचे कॅन गॅलरीत. "मला चिडवायलाच आणतेस," म्हणायची. पण त्याच दिवसांत ती खुर्ची ओढून माझ्या शेवाळाच्या ताटाजवळ बसायला लागली. एकदा तिनं विचारलं, "हे कायम तरंगतं का गं?"

"नाही. फुगे फुटतात, अंगावर ओझं वाढतं. मग बुडतं."

"मग त्यातल्यांचं काय?"

"ज्यांना पोहता येतं ते दुसरा पुंजका शोधतात."

"आणि बाकीचे?"

मी ताटातलं पाणी बदलायला उठले. बाबा पलीकडे पेपर धरून बसले होते, आणि पुढे बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

ती थंडीत गेली. पुण्यानुमोदनाला मावश्या, आत्या, चुलत बहिणी आल्या, आठवण म्हणून तिच्या साड्या घेऊन गेल्या. शेवटची पांढरी साडी बाबांनी कुणाला दिली नाही. जन्मात स्वतःचा रुमालही न धुतलेला माणूस दर रविवारी ती साडी धुवायला लागला. धुवायची, गॅलरीतल्या दोरीवर टाकायची, वेडीवाकडी घडी घालून कपाटात ठेवायची. मी एकदाच म्हटलं, "बाबा, कुणी नेसत नाही तर ती मळते कशी?"

"धूळ बसते," ते म्हणाले. विषय संपला.

तोवर माझे जुने चौकोन फाटून गेले होते. नवं मलमलीचं कापड आणलं, कितीदा धुतलं, तरी व्हायचं तेच झालं. मे महिन्यात किनाऱ्यावरून एक मोठा पुंजका मिळाला, माशांच्या पिल्लांनी भरलेला. पिल्लं वेचून झाली. शेवाळ मात्र त्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नसतं. रविवार होता. समोर दोरीवर साडी वाळत होती. मला ती हवी होती आणि ती मागण्याची माझी छाती नव्हती.

बाबा म्हणाले, "कापड संपलं ना तुझं?"

"बघते मी काहीतरी."

त्यांनी साडी काढली, काठ कापले आणि कड दोन्ही हातांत धरून ओढत राहिले. फाटेना. कवळीनं चावता येईना. शेवटी ती कड त्यांनी माझ्यापुढे धरली. "तू चाव."

मी तोंडात धरली. नुसत्या साबणाची चव आली. आईचं काहीच तिथे उरलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि रडत रडतच मी चावा घेतला. प्रत्येक टर्र आवाजाला बाबा डोळे मिटत होते.

नमुने सुंदर वाळले. एक पान सुटलं नाही.

पुढच्या शनिवारी रात्री जेवताना बाबा म्हणाले, "उद्या मी काय धुऊ?"

मी बादलीतले चौकोन दाखवले. खारे झालेले असतात, पुन्हा वापरायचे तर मीठ निघेपर्यंत धुवावे लागतात. साबण लावू नका, एवढंच सांगितलं.

रविवारी त्यांनी ते धुतले, चिमटे लावून वाळवले. घड्या घालायला म्हणून जमिनीवर घेऊन बसले, ते उठेचनात. बघते तर एकेक चौकोन दुसऱ्याला लावून बघत होते. स्कूटरच्या स्टँडमध्ये अडकून फाटलं होतं तिथलं रफू त्यांना सापडलं. त्याच्या शेजारचा तुकडाही सापडला.

"पदर कुठला गं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसले, सगळे चौकोन उलटसुलट करून बघितले. मलाही ओळखता आला नाही.