कोणतं यंत्र खोटं?

माझ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. पण अंगावर काटा आणणारी घटना म्हटली की मला एक सकाळ आठवते. त्या सकाळी कुणी कुणाला बोटही लावलं नव्हतं.

तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. विमानतळाच्या हद्दीतलं पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. हिवाळा असूनही अवकाळी आभाळ दाटून आलं होतं आणि ढग झाडांच्या शेंड्यांना टेकले होते. हजेरी संपत आली तेवढ्यात एक भंगारवाले चाचा पोतं घेऊन आले. संशयाचा माल आला तर लगेच कळवायचं, अशी ताकीद आम्ही सगळ्या भंगारवाल्यांना दिलेली होती. चाचांनी पोतं टेबलावर उपडं केलं. चेपलेला डबा, काचांचे तुकडे आणि एक पितळी चक्र.

"साहेब, ये गाडी का नहीं है," ते म्हणाले. "एक आदमी देऊन गेला. म्हणाला, माझ्यासमोर फोडा. मी फोडलं, पण मन लागंना. चोर माल विकतो साहेब, फोडून नाय घेत."

"दिसायला कसा होता?"

"हाताला ऑइल, डगल्यावर विमानाचं चित्र."

तसला डगला घालणारा एकच माणूस आमच्या हद्दीत होता. एका कारखानदाराचं छोटं खाजगी विमान विमानतळावर असे, त्याचा मेकॅनिक. पडेगावचा, चाळिशीतला, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी हवालदाराला घेऊन निघालो. हँगर रिकामा होता आणि मेकॅनिक दाराशी बसला होता. पोलीस दिसले की निर्दोष माणूस आधी तोंडाकडे बघतो. याची नजर सरळ पोत्यावर गेली.

"हे काय आहे?"

"मला नाय माहीत साहेब."

"विमान कुठंय?"

"काल पुण्याला गेलं. आज येणार." एवढं बोलून त्यानं वर ढगांकडे पाहिलं.

हवालदारानं आवाज चढवला तसा तो आणखीच मिटला. त्याला तिथंच बसवून मी पोतं घेऊन कंट्रोल टॉवरवर गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं चक्र हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"विमान पुण्याहून निघालंय. आत्ता ढगात आहे," तो म्हणाला. "ढगात वर-खाली, डावं-उजवं काही कळत नाही. शरीर खोटं सांगतं. पायलटला फक्त समोरच्या यंत्रांवर विश्वास ठेवावा लागतो. असं गरगर फिरणारं चक्र विमानाच्या तीन यंत्रांत असतं. हे कशातलं, ते फोडल्यामुळे सांगता येत नाही."

"म्हणजे याच्या जागी भलतंच काही बसवलंय. पायलटला सांगा, एक यंत्र खोटं आहे."

त्यानं सांगितलं. वायरलेसवर खरखर झाली आणि पायलटचा शांत आवाज आला, "कोणतं?"

अंदाजानं सांगण्यासारखं हे नव्हतं. चुकीचं नाव सांगितलं तर तो चांगलं यंत्र सोडून खोट्याच्या भरवशावर राहणार होता. विमानात त्याच्याबरोबर मालकाची पत्नी होती.

मी मेकॅनिकला वर आणवलं. काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, पण आता तो शांत नव्हता.

"यंत्र म्हणतंय पंख सरळ आहेत. पण वेग वाढतोय, उंची उतरतेय. लवकर सांगा!"

त्याच्या मागे बाईच्या रडण्याचा आवाज होता.

मेकॅनिक वायरलेसकडे बघत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गुन्ह्याचं नंतर बघू. आत्ता फक्त नाव सांग."

"क्षितिजाचं!" तो ओरडला. "क्षितिज दाखवणारं, साहेब! जुनं, बाद केलेलं बसवलंय मी. थोडा वेळ नीट चालतंय, मग एका अंगाला झुकतंय. त्याच्यावर कागद लावा म्हणावं! वळणाचा काटा चांगला हाय, तो बघा म्हणावं!"

टॉवरचा अधिकारी वायरलेसमध्ये बोलला, "क्षितिजाचं यंत्र झाका. इंजिन कमी करा. वळणाच्या काट्यावर आधी पंख सरळ करा, मगच हळू नाक वर घ्या."

उत्तर आलं नाही.

तो पुन्हा पुन्हा हाक देत राहिला. मी कान देऊन उभा होतो आणि माझ्या ध्यानात आलं की मी आवाजाची नाही, आदळण्याची वाट बघतोय. मग डोक्यावरून, फार खालून, इंजिनाची घरघर गेली. काचा हादरल्या. मेकॅनिकनं डोळे गच्च मिटले.

"पंख सरळ," वायरलेसवर आलं. "चढतोय." बऱ्याच वेळानं एकच शब्द आला, "ऊन."

पुण्याचं आभाळ मोकळं होतं. त्याला तिकडेच परत पाठवलं आणि तो उतरल्याचा निरोप येईपर्यंत आमच्यापैकी कुणी खाली बसलं नाही.

मग मेकॅनिकनं सगळं सांगितलं. साफसफाई करताना चांगलं यंत्र त्याच्या हातून पडलं. नोकरी जाईल या भीतीनं त्यानं कपाटातलं बाद यंत्र बसवलं आणि पडलेलं भंगारात फोडून टाकलं. आभाळ स्वच्छ होतं, पायलट बाहेर बघून उडवत होते, तोवर काही बिघडलं नाही. दुसरं यंत्र मिळेपर्यंत निभावेल, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. पंचनामा झाला, गुन्हा नोंदवला. पुढं त्याला शिक्षा झाली, परवानाही गेला.

त्याच संध्याकाळी पायलट मोटारीनं पुण्याहून आमच्या पोलीस ठाण्यात आले. शिव्या देतील असं वाटलं होतं. ते कोठडीसमोर उभे राहिले.

"पडलं तेव्हाच मला का नाही सांगितलंस? मी उडालोच नसतो."

"भ्या वाटलं साहेब."

"कुणाचं? मालकाचं?"

त्यानं मान खाली घातली. "तुमचंच. तुम्ही लई रागावता."

पायलट वळले. बाहेरच्या बाकावर बसले आणि पाणी मागितलं. 

लोभी माणसाचा ठाव मला बहुधा लागत आला. तो निदान नफा-तोटा बघतो. घाबरलेला माणूस फक्त आजचा दिवस ढकलतो आणि त्याची किंमत भलताच कुणी मोजतो. त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथं नव्या शिपायाला पहिल्याच दिवशी सांगत आलो: चूक झाली तर मी रागावेन, पण तू आधी माझ्याकडे ये. आणि कुणी आलाच, तर पहिलं वाक्य तोंडातून काढण्याआधी मी त्याला बसायला खुर्ची देत असे.