होडीचा फोटो

दहा-पंधरा पावलं चालायची, थांबायचं आणि मागे वळून फोटो काढायचा. आमच्या रविवारच्या क्लासमध्ये एक गृहस्थ होते, त्यांची ही रीत. बाकीचे विद्यार्थी समोर काही घडताना दिसलं की कॅमेरा उचलायचे. यांचं सगळं लक्ष जे मागे टाकून आलो त्याच्याकडे. घराला कुलूप लावून निघालेला माणूस दोनदा वळून बघतो ना, तसे ते प्रत्येक कोपऱ्यावर वळून बघायचे.

"काका, पुढे बघा ना. मागे काय ठेवलंय?" श्रावणी विचारायची. ती कॉलेजात होती, क्लासमधली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत तोंडाळ.

"पुढचं सगळ्यांनाच दिसतं गं," ते म्हणायचे.

माझा डोंबिवली पूर्वेला लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, मुंजी, बारशी, लग्नं. रविवारी सकाळी मी रस्त्यावरची फोटोग्राफी शिकवतो. म्हणजे सात-आठ जणांना घेऊन गल्लीबोळांतून हिंडतो आणि चुकलं की बोलतो. बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बायको म्हणते, लोक तुमच्याकडे शिकायला येत नाहीत, सुट्टीच्या दिवशी कोणीतरी ओरडलं नाही तर त्यांना चुकल्यासारखं होतं.

हे गृहस्थ सत्तरीचे. इस्त्रीचा बुशशर्ट, पायात बंद चपला, मनगटाला दोरीने बांधलेला एक छोटा चंदेरी कॅमेरा. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पण मला "सर" म्हणायचे आणि त्यात थट्टा नसायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "एवढ्याशा कॅमेऱ्यापेक्षा फोन बरा की." तर म्हणाले, "फोनवर फोटो शोधायला गेलो की भलतंच काहीतरी उघडतं. याला एक बटण आहे. दाबलं की मागचा फोटो, परत दाबलं की त्याच्या मागचा. मला तेवढंच हवंय."

नोकरी त्यांनी कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात केली होती, प्रयोगशाळेत. तयार झालेला रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळतो की नाही हे बघायचं, एवढंच काम, तीस-पस्तीस वर्षं. त्यामुळे नजर अशी, की एकदा स्टुडिओत आले आणि मी लावलेला एका नवरीचा मोठा फोटो बघून म्हणाले, "सर, शालू हिरवा होता ना? निळा जास्त पडलाय." मी हसून विषय टाळला. संध्याकाळी फोटो खाली उतरवून पाहिलं, तर निळा जास्त होता. नवरीच्या घरच्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

पण फोटो मात्र ते काढायचे भयंकर. मेडिकलची पाटी. विजेचा डीपी. एका सोसायटीचं फाटक, त्यावर "येथे वाहने लावू नयेत". ना माणूस, ना सावली, ना काही घडणं. मी वैतागून विचारायचो, "यात काय छान आहे?"

"छान नको सर, जुळायला हवा."

"कशाशी?"

"जागेशी."

एकदा चुकून त्यांच्या हातून सुंदर फोटो निघाला. हातगाडीवर कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई, तोंडासमोर वाफ, मागे भिंतीवर ऊन. मी सगळ्यांना बोलावून दाखवला. यांचा चेहरा पडलेला. म्हणाले, "आलाय चांगला. पण बाई उद्या तिथे नसेल. तिची गाडीही नसेल." आणि माझ्यासमोर दुसऱ्यांदा त्याच कोपऱ्याचा फोटो काढला, बाईला वगळून. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

आणखी एक. एका जुन्या इमारतीचा कोपरा त्यांनी सलग तीन रविवार काढला. मी म्हटलं, "हा फोटो दाखवलात की गेल्या खेपेला."

"तेव्हा पत्रे नव्हते," ते म्हणाले. खरंच, इमारत पाडायला घेतली होती आणि भोवती निळे पत्रे लागले होते. "आता पत्र्यांवरून ओळखायला हवं. मग पत्रे काढतील. डोंबिवलीत हल्ली काहीच जागेवर राहत नाही हो."

मला हे सगळं नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याइतका मूर्खपणा तुमच्या वाट्याला येणार नाही. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. नावं नाहीत, तारखा नाहीत, वाटा. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन ठाण्याला कोलशेतला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. दोनदा रस्ता चुकून कोणीतरी घरी आणून सोडलं होतं. दुसऱ्या वेळी मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, परत असं झालं ना, तर मी तुम्हाला विचारणारच नाही. सरळ बॅग भरणार." आणि त्यांच्या खिशात स्वतःचा नंबर लिहिलेला कागद ठेवून गेली.

त्यांना आपलं घर सोडायचं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी एक रीत शोधून काढली होती. निघताना घराच्या जिन्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक वळणावर मागे फिरून फोटो काढायचा, कारण परत येताना रस्ता उलट्या बाजूने दिसतो. घरी जायची वेळ झाली की बटण दाबायचं. शेवटचा फोटो आधी येतो. तो कोपरा समोर जुळला की पुढे चालायचं, मग त्याच्या मागचा फोटो. असं करत करत पहिल्या फोटोला जिना. जाताना तीस फोटो काढायचे, येताना तेच तीस बघायचे. दुकानाची पाटी बदलते, पत्रे लागतात, म्हणून दर वेळी नवे.

मग क्लास कशाला? तर रस्त्यात उभं राहून डीपीचा फोटो काढणाऱ्या म्हाताऱ्याला लोक हटकतात. फोटोग्राफीच्या क्लासमधल्या म्हाताऱ्याला कोणी काही विचारत नाही. शिवाय हात न हलवता फोटो काढायला त्यांना खरंच शिकायचं होतं. सराव म्हणून सांगितलेलं सगळं ते मनापासून करायचे. श्वास रोखून बटण दाबायचं हे मी शिकवलं, तर महिन्याभरात त्यांच्या पाट्यांवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येऊ लागली. मी कौतुक केलं, तेव्हा लहान पोरासारखे लाजले.

आता माझ्या खास धड्याबद्दल. दर सत्राच्या शेवटी मी एक दिवस असा ठेवायचो, की दिवसभर फोटो काढायचे आणि शेवटी चहाच्या टपरीवर बसून एकच ठेवायचा. बाकीचे तिथेच, माझ्यासमोर पुसायचे. "पुसता आलं नाही तर फोटोग्राफर होता येत नाही," हे माझं वाक्य. मला त्याचा फार अभिमान होता. विद्यार्थी कळवळायचे, मला ते बघायला मजा वाटायची. हेही आता लपवत नाही.

त्या वर्षी हा दिवस कल्याणला ठेवला. जुन्या बाजारातून चालत खाडीपर्यंत. काका डोंबिवलीहून एकटेच आले होते. वाटेत नेहमीप्रमाणे मागे वळून वळून काढत होते. खाडीपाशी मी त्यांना अक्षरशः खांद्याला धरून उभं केलं. "आज एक तरी फोटो माझ्या म्हणण्याप्रमाणे काढा." चिखलात तिरकी झालेली एक जुनी होडी होती, तिच्यावर एक बगळा. त्यांनी श्वास रोखून काढला. सुरेख आला.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही टपरीवर बसलो. एकेकाने पुसलं. श्रावणी म्हणाली, "सर, तुम्ही ना, एक नंबर दुष्ट आहात." पण तिनेही पुसलं. मग काकांची पाळी आली.

"मी घरी जाऊन पुसतो," ते म्हणाले.

"घरी गेल्यावर कोणी पुसत नाही. सगळ्यांना एकच नियम."

"आज राहू द्या ना, सर."

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं, संकोच आहे. मला वाटलं, यालाच तर शिकवणं म्हणतात. मी हसत हसत त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला, दोरी मनगटातून सोडवली आणि होडी तेवढी बाजूला ठेवून बाकीचं सगळं पुसून टाकलं. डोंबिवलीचा जिना, मेडिकल, पत्रे, प्लॅटफॉर्मचा आकडा, कल्याणचा पूल, बाजारातला प्रत्येक कोपरा. मोजायलासुद्धा थांबलो नाही. "बघा, किती हलकं वाटतंय," म्हणून कॅमेरा परत दिला.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर सात जणांसमोर सांगावं लागलं असतं, आणि त्यातलं कोणीतरी मुलीला कळवलं असतं. चहा संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "स्टेशन कुठल्या अंगाला, सर?" मी बोटाने दाखवलं, "हे काय, सरळ," आणि मोटरसायकलला किक मारली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती डोंबिवलीच्या घरी आली होती, तिथे त्यांच्या वहीत माझा नंबर होता. "सर, बाबा तुमच्याबरोबर आहेत का?" मी म्हटलं, नाही, दुपारीच निघाले. मग तिचे यजमान, मी, क्लासमधली दोन पोरं, सगळे कल्याण-डोंबिवली पालथं घालत राहिलो. पोलिसांत नोंद झाली. मी सगळ्यांबरोबर धावत होतो, सगळ्यांना धीर देत होतो, आणि टपरीवर काय घडलं ते त्यांच्या घरच्यांना सांगत नव्हतो. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी म्हणू शकतो. पण काहीतरी चुकलंय हे आतून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टिटवाळ्याला सापडले. डोंबिवलीच्या उलट्या दिशेला. एका नव्या बांधकामाशेजारी दुधाचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी त्यांना बसवून घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या सांगत होत्या, "चार वेळा दुकानावरून गेले हे आजोबा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कॅमेऱ्यात होडी दाखवायचे, ही कुठे आहे म्हणून विचारायचे. मला वाटलं, नदीवर जायचं असेल. मग म्हटलं, बसा, चहा घ्या. खिशात कागद होता. तो काढला तर माझा हात धरला त्यांनी. फोन नको करू म्हणाले. पण असं कसं सोडणार हो?"

ते बाकावर बसले होते. बुशशर्ट मळला होता, एक चप्पल तुटली होती. अंगठा कॅमेऱ्याच्या त्या बटणावर. दाबलं की होडी. परत दाबलं की होडी. कार्डात दुसरं काही नव्हतंच.

रात्र कुठे काढली ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मुलीने बॅग भरली. तिची चूक नव्हती. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं. डोंबिवलीच्या खोल्या भाड्याने दिल्या. काही दिवसांनी तिचा फोन आला. वडिलांनी तिला आपली फोटोंची रीत नीट समजावून सांगितली होती, प्रयोगशाळेत नव्या माणसाला सांगावी तशी. ती मला सांगताना रडत होती. "एवढं सगळं करत होते हो, आणि मला पत्ताच नाही. त्या दिवशी म्हणे त्यांच्याच हातून चुकून सगळे फोटो पुसले गेले."

त्यांच्याच हातून. मी फोन कानाला लावून स्टुडिओत उभा होतो. त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. मी "अरेरे" म्हणालो.

त्यानंतर माझ्या क्लासमध्ये तो धडा झाला नाही. कोणाचा कॅमेरा मी हातात घेत नाही. पण हे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, हे मलाही कळतं. दीड वर्ष मी कोलशेतला जाणं टाळलं. आज सीझन आहे, उद्या पाऊस आहे. शेवटी श्रावणीनेच एकदा सुनावलं, "सर, तुम्ही आम्हाला एवढं बोलता, स्वतःला कधी बोलणार?" तिला सगळं ठाऊक होतं. टपरीवर ती समोरच तर बसली होती.

गेलो. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर स्वच्छ, मोठं घर. गॅलरीतून लांबवर खाडी दिसते. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा बुशशर्ट घालून. माझ्याकडे बघून हसले, नमस्कार केला, "या, बसा" म्हणाले. मुलगी म्हणाली, "बाबा, हे फोटोवाले सर." ते पुन्हा तितक्याच अदबीने हसले. ओळख काहीच नव्हती. मुलगी चहा टाकायला आत गेली.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. आता ती कोणाला सांगायची? तरी सांगायला लागलो. "मी तुमचे फोटो पुसले" म्हणायचं धाडस होईना, म्हणून एका गृहस्थांची गोष्ट असल्यासारखं सांगितलं. एक गृहस्थ होते, त्यांना वाटा आठवायच्या नाहीत, म्हणून ते वळून वळून फोटो काढायचे. मी त्यांचा शिक्षक होतो. त्यांनी दोनदा नको म्हटलं, तरी मी ते सगळे पुसून टाकले, आणि त्यांना खाडीकाठी एकटं सोडून निघून गेलो. ते पुढे झुकून, एक शब्दही न सोडता ऐकत होते. कपाळावर आठ्या पडल्या होत्या. असं कोणी कोणाचं पुसतं का, असं काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटले.

मग त्यांनी मला विचारलं, "पुढे काय झालं? पोचले का ते घरी?"

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती माझ्याकडेच बघत होती.

"पोचले," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि जिवाला लागलेला घोर मिटल्यासारखे खुर्चीत मागे टेकले.