मावशीचं तोंड आणि माझी फुलं

माझ्या सगळ्यात गाजलेल्या चित्रात पांढऱ्या फुलांखाली एक पूर्ण झालेला, नीट जमलेला चेहरा आहे, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला मी तेव्हा म्हणालो होतो की चेहरा बिघडला, खरवडून काढला. "मला तर आवडला होता," एवढं म्हणून ती कुकर लावायला गेली. पुढे तिने कधी विषय काढला नाही आणि मी तो काढू दिला नाही.

मला जे थोडेफार लोक ओळखतात, ते 'फुलांनी चेहरे झाकणारा' म्हणून ओळखतात. गेली पंचवीसेक वर्षं मी माणसं रंगवतो आणि त्यांच्या तोंडावर फुलं ठेवतो. कधी शेवंती, कधी जास्वंद. एकदा तर वाशीच्या मार्केटमधून आणलेला भाजीचा फ्लॉवर ठेवला होता, त्यावरही एकाने गंभीरपणे अर्धा रकाना लिहिला. चित्रकलेची मुलं विचारतात, "सर, तुम्ही चेहरा का नाकारता?" मी चष्मा काढतो, पुसतो आणि म्हणतो, चेहरा म्हणजे ओळख, फूल म्हणजे विसर. मुलं लिहून घेतात. आधी चष्मा पुसला की वाक्याला वजन येतं, हे मला फार लवकर समजलं.

खरं काय झालं ते असं.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. मी नेरूळच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. सकाळची शाळा, दुपारी एकला घरी. घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीची खिडकी उत्तरेला होती आणि त्या एका खिडकीच्या जोरावर मी स्वतःला चित्रकार समजत होतो. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही, चेहऱ्याला तो बरा. बाकी सगळं हलत होतं: पगार, पंखा, बायकोचा धीर. टर्पेंटाइनच्या वासाने तिचं डोकं उठायचं.

आमच्याकडे करावे गावातून एक मावशी मासळी घेऊन यायची. खाडीतली कोळंबी, निवट्या, कधी बोंबील. पन्नाशीची, सावळी, अंगाने आडवी, केसांत अबोलीची वेणी. जिन्यात टोपली टेकवली की सोसायटीचे सेक्रेटरी दार उघडून नाकाला रुमाल लावायचे. मावशी त्यांना म्हणायची, "भाऊ, तुमची बिल्डिंग आली त्याच्या आदी हितं मासलीच व्हती. वास तुमचा नवीन हाय, माजा नाय." मला ती 'मास्तर' म्हणायची आणि अरेतुरे करायची. तिच्या गावात सगळे सगळ्यांना तसंच बोलतात. मी तिला अहोजाहो करायचो, त्याचं तिला हसू यायचं.

मला बसायला माणूस हवं होतं. मी विचारलं, तर तिने आधी मला वेड्यात काढलं. मग ब्लाउजमधून एक लहान पाकीट काढलं आणि त्यातून निवडणुकीचं ओळखपत्र. ती कार्डं तेव्हा नवीनच निघाली होती. शाळेत रांगा लावून फोटो काढले होते आणि जवळजवळ प्रत्येकाचा फोटो पोलिसांनी पकडल्यासारखा आला होता. मावशीचा तर विशेष. एक डोळा मिटलेला, तोंड अर्धवट उघडं.

"माजा फोटो ह्यो एकच हाय," ती म्हणाली. "मालक गेला तवा त्याचा फोटो मोटा करून भितीवर लावला. चांगला दिसतो मेला. मी गेल्यावर पोरगा ह्योच मोटा करील. आनि मी अशीच त्याच्या बाजूला जनमभर टांगून राहू?"

"गेल्यावर कसला जन्म, मावशी?" माझ्या बायकोने आतून विचारलं.

"भितीवरचा गो. तो तर लय लांब असतो."

तिथेच ठरलं. ती बसणार. प्रदर्शन झालं की चित्र तिचं. ते तिच्या घरी, मालकाच्या शेजारी लागणार, तिच्या डोळ्यांदेखत आणि बिनहाराचं. मी शब्द दिला. तिने तो खरा धरला, कारण मास्तर लोक खोटं बोलत नाहीत असा तिचा समज होता.

ती एकूण अकरा दुपारी येऊन बसली. पहिल्या चार दिवसांत मला काहीच जमलं नाही. ती कॅमेऱ्यापुढे बसावं तशी बसायची, ओठ घट्ट, हात मांडीवर, श्वास बंद. मी कोळसा फिरवायचो आणि कागदावर कुणी तरी दुसरीच बाई उतरायची. चेहऱ्याची एक अडचण असते. डोळ्याचा कोपरा सुतभर चुकला तर ती बाई राहत नाही, तिची मावसबहीण होते. फुलांचं तसं नाही. हा निशिगंध त्या निशिगंधासारखा दिसत नाही, असं आजवर कुणी मला म्हणालेलं नाही.

पाचव्या दिवशी माझ्या बायकोने चहा आणला आणि विचारलं की मास्तर मला कोळंबी साफ करायला कधी मदत करत असतील का, सांगा बघू. मावशीने माझ्याकडे पाहिलं. एक भुवई वर गेली, ओठाचा एक कोपरा दबला. हसू यायच्या आधीचं ते काहीतरी होतं. ते मी धरलं. उरलेले दिवस मी फक्त तेवढंच रंगवत होतो. हात तर आपोआपच झाले. बोटांवरचे सुरीचे जुने व्रण, काट्यांनी भोसकलेली नखांची कड.

शेवटच्या दिवशी ती उठून कॅनव्हाससमोर उभी राहिली. चेहऱ्यापासून हातांपर्यंत सगळं बघून घेतलं. मग म्हणाली, "हीच ती. हिच्याशी घासाघीस कराया कोन येनार नाय." दारात जाऊन परत वळली. "मास्तर, ही हसनार हाय का वरडनार हाय?"

"तुम्हीच सांगा."

"मना पन कवा कवा म्हाईत नसतं," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

त्यापेक्षा चांगला अभिप्राय मला पुढे मिळाला नाही, आणि मी पुढे बरेच जमवले.

प्रदर्शन वाशीतल्या एका हॉलमध्ये होतं, नवी मुंबईतल्या सात-आठ जणांचं मिळून. चित्रं निवडायला एक ज्येष्ठ चित्रकार घरोघर फिरत होते. ते आमच्याकडे आले, मोडक्या खुर्चीत बसले, चित्राकडे बघत चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "हुबेहूब आहे."

मी खूश झालो. तेवढं अक्कलशून्य वय होतं माझं.

"हुबेहूब आता कोण करतं?" ते पुढे म्हणाले. "हात सुंदर आहेत. पण तोंड... हे तोंड तर सगळंच सांगून टाकतं हो. बघणाऱ्याने काय करायचं मग? घरी जायचं?"

ते गेले आणि मी चित्रासमोर बसलो. सकाळपर्यंत जे मला जमलेलं वाटत होतं, ते आता सलूनच्या बाहेर लावलेल्या पाटीसारखं दिसायला लागलं. मी त्यांना विचारू शकलो असतो की मग दुसरं काहीतरी घ्या, हे राहू द्या. विचारलं नाही. मला त्या हॉलमध्ये असायचं होतं.

रविवारी सकाळी बायको ठाण्याला बहिणीकडे गेली. मी देवळाबाहेरच्या फुलवालीकडून निशिगंधाच्या काड्या आणि पांढरी शेवंती आणली. का पांढरी? सावळ्या रंगावर पांढरं उठून दिसतं, एवढंच. ज्यांनी पुढे त्या पांढऱ्या रंगात शोक, शांतता आणि महानगरातला एकटेपणा पाहिला त्यांचा मी आभारी आहे. चेहरा वाळलेला होता. मी त्याच्यावर वार्निशचा पातळ हात मारला आणि मगच फुलं रंगवली. खालचा रंग जपायचा असेल तर असं करतात. वरचा थर पुढे कधीतरी काढता येतो. म्हणजे ते करताना मला माहीत होतं की मी चुकतोय, आणि परतीची वाट मी हुशारीने मोकळी ठेवत होतो. ती वाट मी एकदाही वापरली नाही.

सोमवारी शाळेला दांडी मारली आणि दोन सकाळींत काम झालं. फुलं फार छान आली. ज्येष्ठ चित्रकार म्हणाले, "आता कसं!"

मावशीला मी प्रदर्शन कधी आणि कुठे ते सांगितलंच नव्हतं. बायकोने सांगितलं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, तीन बायकांना घेऊन, रिक्षाने. ठेवणीतलं लुगडं, ताजी वेणी. हॉलमध्ये वर्तमानपत्रात चित्रांवर लिहिणारे एक गृहस्थ माझ्याशी बोलत होते, माझ्याच चित्रासमोर उभे राहून. त्या चौघी दारापासून एकेक चित्र बघत पुढे सरकत होत्या. मावशी प्रत्येक चित्रात स्वतःला शोधत होती. एका निळ्या चौकोनासमोरसुद्धा ती थांबली, उगाच राहून जायला नको म्हणून.

मग त्या माझ्या चित्रापाशी पोचल्या. एक बाई म्हणाली, "अगो, ह्ये हात तुजेच हायत."

"हात माजेच," मावशी म्हणाली. "तोंड कुटं हाय?"

दुसरी जरा पुढे झाली आणि एकदम मागे सरली. "तोंडावर फुला घातलीन. मेलेल्या मानसाला घालतात तशी."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या आजोबांच्या तसबिरीला मी स्वतः हार घालत आलो होतो. आपल्याकडे माणसाच्या चित्रावर फूल कधी चढतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र दोन सकाळी खपून, एकेक पाकळी उजळत, जित्या बाईला फुलं वाहिली होती.

मावशी हसली. मोठ्याने, सगळा हॉल वळून बघेल अशी. "मास्तर, मी मेले कवा रं? मना कोनी सांगला नाय!"

त्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "यांचं चित्र आहे का हे?"

आणि मी म्हणालो, "नाही. ही विशिष्ट अशी कुणी नाही."

मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिचं हसणं थांबलं. ते गृहस्थ मान डोलवत म्हणाले, "बरोबर, बरोबर," आणि त्यांनी ते लिहूनही टाकलं. आठवड्याने छापून आलं. मी त्यांच्यासोबत पुढच्या चित्राकडे गेलो. परत वळलो तेव्हा त्या बायका दाराशी होत्या. मावशीने खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "पुसलास का रं?"

"नाही नाही," मी म्हणालो. "तुमचं वेगळं करतोय. घरी."

"मंग ठीक," ती म्हणाली.

चित्र बेलापूरच्या एका कंपनीने घेतलं. मावशी नंतरही मासळी घेऊन येत राहिली. पहिल्या महिन्यात दोनदा विचारलं, "झाला का?" मी म्हणायचो, वाळतंय. तेलरंग वाळायला वेळ लागतो हे तिला मीच शिकवलं होतं. पुढे ती विचारेनाशी झाली. जिन्यात तिची हाक आली की मी मोरीत जायचो आणि नळ सोडायचो. बायकोला वाटायचं, मला पोटाचा काही आजार झालाय. वर्षभरात आम्ही मोठ्या घरात गेलो, दुसऱ्या सेक्टरमध्ये. मासळी आम्ही मार्केटमधून आणायला लागलो.

दोनेक वर्षांनी तिचा मुलगा शाळेच्या गेटवर आला. उंच, शांत माणूस. वाशीला टेम्पो चालवायचा. भुवई आईचीच.

"आय गेली," तो म्हणाला. "म्हयना झाला."

मी त्याला गेटपासून बाजूला घेतलं.

"कारडावरचा फोटो लावू नको म्हनली व्हती. मास्तरांकडं माजा तोंड हाय, त्ये आन, म्हनली. म्हनून आलो."

मी म्हणालो, शोधून ठेवतो.

"शोदा, शोदा. घाई नाय," तो म्हणाला. वर मला हात जोडले.

त्या आठवड्यात मी आठवणीतून तिचा चेहरा काढायला बसलो. नाक आलं, कपाळ आलं. वर जाणारी भुवई डावी की उजवी, ते मला आठवेना. मुलाला जाऊन पाहावं, तर त्यासाठी त्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं. एकदा डावी, एकदा उजवी भुवई वर नेऊन पाहिली. दोन्हींत ती कुणाची तरी मावसबहीण दिसत होती. मग सवयीने फुलं काढली. तेही चित्र लोकांना आवडलं.

एकदा मी बेलापूरच्या त्या ऑफिसातही गेलो. बसायच्या जागेच्या वर, बरोबर मध्यभागी ती टांगलेली होती. खाली सोफा. मी सोफ्यावर बसलो, म्हणजे तिच्याकडे पाठ करून. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कोणाला भेटायचंय, सर?" मी म्हणालो, चुकून दुसऱ्या मजल्यावर आलो, आणि उतरलो.

ती कंपनी अजून आहे, चित्रही आहे. फुलं काढली की माझं ते प्रसिद्ध चित्र संपेल, आणि त्यावर उभं राहून मी पुढे जे काही केलं तेही बरंचसं. वार्निश मात्र अजून काम करत असणार, माल चांगला होता.

मी त्या ऑफिसात जाऊन, फुलांखाली काय आहे ते त्यांना सांगायला हवं. फुलं माझ्या हातांनी उतरवायला हवीत. तो चेहरा कराव्याला तिच्या मुलाच्या घरी पोचवायला हवा, आणि ही विशिष्ट बाई होती, मी तिला ओळखत होतो, हे त्याच्यासमोर बोलायला हवं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.