एकशे बत्तिसावा दगड

पेंटरांना महामार्गाचा राग नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. महामार्गाची त्यांना कीव यायची, तीही क्वचित, पोट भरलेलं असताना. बाकी सगळा वेळ नुसती तुच्छता.

रस्ते खात्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. जुन्या रस्त्यावर दर किलोमीटरला रोवलेला दगड रंगवायचा आणि त्यावर अंतराचा आकडा काढायचा. दगड एकशे बत्तीस, आणि दरवर्षी सगळे. आधी तारेच्या ब्रशने जुने पोपडे खरवडायचे, मग पांढऱ्या रंगाचे दोन हात, ते वाळेपर्यंत सावलीत बसून डबा खायचा, आणि शेवटी काळ्या रंगात आकडा. साचा कधी वापरला नाही. "साचा ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी," असं ते म्हणत. एकतीस वर्षांत एकही खाडाखोड केली नाही, हे मात्र ते म्हणत नसत. ते समोरच्याने म्हणावं अशी वाट बघत.

निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी डोळा निवृत्त झाला नव्हता. दवाखान्यात गेले की डॉक्टरपेक्षा पाटी आधी तपासत. "आठाला कंबरच नाही," असं दारातच बोलून मोकळे. आणि महामार्गावरच्या त्या हिरव्या फलकांविषयी विचारूच नका. "यंत्रातून काढलेले आकडे. शेवया पाडाव्यात तसे."

जावयाची गतही जवळपास फलकांसारखीच होती. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. मुलगा सरळ, मितभाषी, गाडी जपून चालवणारा. पेंटरांना यातलं काही दिसत नसे. "दिवसभर लोकांना भिंतीवरचे आकडे वाचायला लावतो आणि तेही छापील," एवढंच त्यांना दिसे.

त्या शनिवारी संध्याकाळी चौघं जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. पेंटर, त्यांची बायको, लेक आणि जावई. मधोमध जावयाचा फोन होता, त्यात नकाशा उघडलेला. बायकोची थोरली बहीण, आक्का, जुन्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावातलं आईवडिलांचं दोन खोल्यांचं घर विकून मुलाकडे राहायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला घेणारा माणूस किल्ली न्यायला येणार होता. आक्काने फोनवर सांगितलं होतं, "बाराच्या आत ये गं. स्वयंपाकघरात बसून एकदा दोघी जेवू. मग काय, कुलूप." त्या स्वयंपाकघरात खिडकीखाली सिमेंटचा बुटका ओटा होता. लहानपणी बायको त्यावर बसून पाढे म्हणायची आणि आक्का भाकरी थापता थापता चुका काढायची. शनिवारपर्यंत ही गोष्ट घरात सहा वेळा सांगून झाली होती.

"महामार्गाने दोन तास दहा मिनिटं," जावई म्हणाला. "जुन्या रस्त्याने तीन तास पंचवीस. अंतर तसं कमी आहे, एकशे त्रेचाळीस, पण..."

"किती?"

"एकशे त्रेचाळीस."

पेंटरांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "एकशे बत्तीस."

"बाबा, हे उपग्रहावरून मोजतात."

"उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं. हे तर आभाळातून हाकायला लागले! त्या उपग्रहाने कधी पाय टेकलाय रस्त्याला? मी एकेका दगडापुढे मांडी घालून बसलोय. माझ्या हाताने लिहिलंय, एकशे बत्तीस."

"बाबा, पण महामार्ग सोपा पडेल," लेक म्हणाली.

"सोपा! गेल्या खेपेला एक फाटा चुकला तर वळायला अडतीस किलोमीटर पुढे जावं लागलं. जावईबापू गाडी चालवताहेत आणि तुझी आई मागे पाय आवळून बसलीय, की आता थांबाल, मग थांबाल. आठवतंय का विचार तिला."

बायकोला आठवत होतं. असली आठवण बाई विसरत नाही.

"तसं असेल तर जुन्याने जाऊ, पण आठला निघू," जावयाने सुचवलं.

"का? उपग्रहाला सकाळी लवकर जाग येते म्हणून?"

लेक हसली आणि मग हसल्याबद्दल नवऱ्याकडे ओशाळून बघू लागली. बायको हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं.

"अहो, चेष्टा पुरे. मला एकच सांगा. बाराच्या आत मी आक्काच्या घरात असेन का?"

"नऊला निघायचं. ताशी पन्नासने अकरा अडतीस. वर सात मिनिटं तुझ्या पाणी पिण्याची. पावणेबाराला तू ओट्यावर बसलेली असशील."

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग लेकीला म्हणाली, "यांच्या हजार गोष्टी मला पटत नाहीत. पण आकडा यांचा कधी चुकला नाही. जुन्याने जाऊ."

चाळीस वर्षांच्या संसारात पेंटरांना मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. त्या आनंदात त्यांनी पिशवीत काळ्या रंगाचा छोटा डबा आणि अर्ध्या इंचाचा ब्रश घातला. एखाद्या आकड्याचा पोपडा निघाला असेल, तर जाता जाता हात फिरवता येईल.

रविवारी ते जावयाच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसले. दगड दिसायला हवेत. रस्त्याकडेला एकेक दगड येत होता, कुणी गवतात अर्धा बुडालेला, कुणी धक्का लागून कललेला, एकावर शिकवणीची जाहिरात चिकटवलेली. पण नऊ वर्षांनीसुद्धा आकडे वाचता येत होते. चाळीसच्या दगडापाशी घड्याळात नऊ अठ्ठेचाळीस झाले होते.

"बघा," पेंटर म्हणाले. "मिनिटाला मिनिट. सांगा तुमच्या त्या फोनमधल्या बाईला."

"ती ऐकत नाही बाबा, ती फक्त सांगते," जावई म्हणाला.

"हं. म्हणजे सासूच आहे की," मागून बायको म्हणाली, आणि गाडीत सगळे हसले. पेंटरही. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

एकाहत्तरच्या दगडापुढे नदी. दहा पंचवीस. समोर मातीचा ढिगारा, त्यावर झुडपं, आणि गंजलेल्या पत्र्यावर 'पूल बंद'. रस्ता डावीकडे वळून शेतांत शिरत होता.

"हा वळसा ना, हा तात्पुरता आहे," पेंटर म्हणाले.

जावयाने गाडी वळवली. रस्ता एका गाडीपुरता, तोही उखडलेला. समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जात रुंद जागा शोधायची. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. झोपडी आली, विहीर आली, नदीच्या वरच्या अंगाचा दुसरा पूल आला. दगड एकही आला नाही.

"अहो," बायकोने विचारलं, "पुढचा दगड कुठाय?"

पेंटरांनी काच खाली करून कडेच्या गवतात नजर टाकली. त्यांना तेव्हा आठवलं.

बावीस वर्षांपूर्वी पुरात पूल खचला, तेव्हा खात्यात नवा आलेला एक तरुण इंजिनिअर त्यांच्याकडे आला होता. वळशामुळे रस्ता अकरा किलोमीटरनी वाढलाय, नदीपलीकडच्या एकसष्ट दगडांवरचे आकडे बदला, म्हणाला. पेंटरांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "साहेब, पूल पडला म्हणून अंतर बदलत नाही. पूल बांधा. माझा आकडा पुसायला सांगू नका." साहेबाने मान हलवली, कागदावर 'तात्पुरते' असं लिहिलं आणि वर्षभरात बदली होऊन गेला. मग महामार्ग आला आणि पुलाचं नाव कुणी काढलं नाही. खात्याच्या ट्रकमधून पेंटर दरवर्षी तो वळसा घालायचे, पलीकडे उतरायचे आणि बहात्तरपासून तेच आकडे पुन्हा गिरवायचे. चुकीची गोष्ट निवृत्तीपर्यंत तेरा वेळा सुबक अक्षरात लिहिली की लिहिणाऱ्याला ती खरी वाटायला लागते. वर्गात फळ्यावर लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे.

बहात्तरचा दगड आला तेव्हा अकरा बारा झाले होते. जावयाने निघताना गाडीतला किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला होता. तिथे त्र्याऐंशी दिसत होतं. त्याने ते पाहिलं, पेंटरांनी त्याला पाहताना पाहिलं. त्याने गिअर बदलला आणि गाडी पुढे काढली. टोमणा मारला असता तर पेंटरांनी तो परतवला असता.

"किती वाजतील?" बायकोने विचारलं.

"बारा चोवीस."

"पावणेबारा म्हणाला होतात."

"हो."

तिने आक्काला फोन लावला. पलीकडचं बोलणं गाडीभर ऐकू येत होतं. "अगं, तो आलाय की आत्ताच. कुलूप बदलणारा कारागीर बरोबर घेऊन आलाय, त्याला पुढे दुसरं काम आहे. अर्धा तास थांबवते म्हटलं, तर बघू म्हणाला. तू सावकाश ये."

कुणी थांबवलं म्हणून थांबणारी माणसं वेगळी असतात. बारा चोवीसला गाडी दारात उभी राहिली, तेव्हा आक्का बाहेरच्या पायरीवर बसली होती. एका बाजूला दोन बॅगा, दुसऱ्या बाजूला फडक्यात बांधलेले डबे. दाराला नवंकोरं पितळी कुलूप. तिचा मुलगा दोनला न्यायला येणार होता.

"ओटा पुसून ठेवला होता गं तुझ्यासाठी," आक्का म्हणाली.

बायको घराच्या बाजूला गेली. खिडकीचे गज धरून, टाचा उंच करून तिने आत बघितलं. खिडकीखालचा ओटा खिडकीतून दिसत नाही. हे तिला ठाऊक असणार, तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग दोघी बहिणी पायरीवर डबे उघडून जेवल्या. मध्येच आक्का म्हणाली, "सात आठं?" आणि बायको म्हणाली, "छप्पन्न," आणि तिने पुढचा घास घेतला.

पेंटर फाटकापाशी उभे होते. शेवटी पुढे आले. "आक्का, उशीर माझ्यामुळे झाला."

"असेल," आक्का म्हणाली. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. जेवून घ्या."

ते जेवले. नको म्हणायची हिंमत नव्हती.

परत निघताना जावयाने विचारलं, "बाबा, कुठून जायचं?"

"महामार्गाने." मग जरा वेळाने, "पण वेशीपाशी मिनिटभर थांबवा."

एकशे बत्तीसचा दगड वेशीवर होता, मालिकेतला शेवटचा. पेंटर पिशवी घेऊन उतरले, गुडघे धरत त्याच्यापुढे बसले. पांढरा रंग आणला नव्हता, त्यामुळे जुना आकडा झाकता येणार नव्हता. त्यांनी ब्रश बुडवला आणि स्वतःच्या एकशे बत्तीसवर एक आडवी रेघ ओढली. मग खाली लिहिलं, १४३. हात थरथरला. चाराचं पोट तिरकं आलं. महामार्गावर असला चार त्यांनी पाहिला असता, तर आठवडाभर पुरवून हसले असते.

काच खाली झाली. मागच्या सीटवरून बायकोने डोकं बाहेर काढलं.

"आणि बाकीचे साठ?" ती म्हणाली.

पेंटरांनी ब्रश चिंधीला पुसला, डब्याचं झाकण दाबून बसवलं. उठून गाडीशी आले आणि जावयाच्या खिडकीत वाकले.

"पुढच्या रविवारी गाडी मोकळी आहे का?"

"आहे," जावई म्हणाला. "पण बाबा, आठला निघू."

"आठला," पेंटर म्हणाले, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.