डावीकडचा आवाज

आमच्या अंगणातून कुठलीही गाडी पहिल्या सेलला बाहेर पडत नसे. गाडीत बिघाड असायचा म्हणून नव्हे, सोपानआण्णा पडू देत नसत म्हणून. सकाळी ऑफिसच्या घाईत कुणी किल्ली फिरवली की आण्णा ओट्यावर हजर. अंगात बंडी, तोंडात मिश्री, एक हात वर. "बंद कर," म्हणायचे. आपण मुकाट्याने बंद करायची. मग मान तिरपी करून, "परत सेल मार." आपण मारायचा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि गाडी कितीही सुरळीत चालू झालेली असली तरी शेवटी म्हणायचे, "अर्थिंग बघ एकदा." तेवढं झालं की आत जायचे. तेवढ्या वेळात हिंजवडीच्या रस्त्यावर जी गर्दी पुढे सरकलेली असायची, तिच्या शेपटाला आम्ही जाऊन चिकटायचो.

आण्णा आमचे घरमालक. पिरंगुटच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घोटावड्यातली रस्त्याकडची जमीन विकली, राहिलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या आणि मागची भाताची खाचरं मात्र कुणाला हात लावू दिली नाहीत. खोल्यांमधून आमच्यासारखी बाहेरगावची नोकरदार कुटुंबं राहायची. मी परभणीकडचा, शेजारचे जाधव सांगलीचे. प्रत्येकाच्या दाराशी एकेक म्हातारी गाडी. नवी गाडी घ्यायची ऐपत असती तर घोटावड्यात राहून रोज हिंजवडी कशाला गाठली असती? कारखाना सुटल्यावर आण्णांना दुरुस्तीला यंत्रं उरली नव्हती. ती आम्ही आयती आणून दिली, तीही भाड्यासकट.

त्यांची काही मतं ठाम होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर त्यांचा राग होता. "पार्ट बदलणं म्हंजे दुरुस्ती न्हवं, ती खरेदी झाली," असं ते म्हणायचे. कुठल्याही बिघाडाचं मूळ अर्थिंगमध्ये असतं, हा दुसरा सिद्धांत. दिवा मिणमिणला, अर्थिंग. हॉर्न घोगरा झाला, अर्थिंग. जाधवांचा धाकटा भाऊ नोकरी सोडून घरी बसला तेव्हाही आण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले होते, "ह्याची अर्थिंग ढिली हाय." लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत उभे राहिले की त्यांना हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

दसऱ्याला अंगणातल्या सगळ्या गाड्यांची पूजा आण्णाच करायचे. स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू हे सगळीकडेच असतं. पण आण्णा आम्हाला बॉनेट उघडायला लावायचे आणि आपल्या खाचरातल्या आंबेमोहराच्या लोंब्यांची एक जुडी इंजिनाशेजारी, एअर फिल्टरच्या डब्याजवळ दोऱ्याने बांधायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी ही जुडी औताला आणि बैलगाडीला बांधत. औत गेलं, बैल गेले, म्हणून ती आता आमच्या गाड्यांना मिळत होती. "ज्याच्यावर घर चालतं, नव्या धान्याचा पहिला मान त्याचा," आण्णा सांगायचे. माझ्या आईला हे फार आवडलं होतं. गावाकडे आम्ही ज्वारीची कणसं खळ्याच्या मधल्या खांबाला, तिवड्याला बांधायचो, याची तिला आठवण झाली. जुडी बांधून झाल्यावर तिने गाडीलाही नमस्कार केला आणि आण्णांनाही.

आई त्याच वर्षी माझ्याकडे आली होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे तिला आठवड्यातून तीनदा वाकडला डायलिसिसला न्यावं लागायचं. कॅबवाल्यांना घोटावडे म्हटलं की त्यांचा फोन कट व्हायचा, आणि बसमध्ये आई उभी राहू शकत नव्हती. म्हणजे गाडी हवीच. ती एक गाडी ठीक चालली तर आईचं सगळं ठीक, इतका साधा आमचा हिशेब होता.

आणि दिवाळी झाल्यावर तीच गाडी बंद पडायला लागली. सरळ बंद पडली असती तर परवडलं असतं. ही चालता चालता मरायची. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा उजळायचे, इंजिन गप्प व्हायचं, मागून हॉर्नचा गदारोळ उठायचा. बाजूला ढकलून थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात परत चालू. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला आणि काही दिसत नाही म्हणाले. मग काही दिसत नसताना एक सेन्सर बदलला, पुढच्या खेपेला पेट्रोलचा पंप बदलला. गाडी मरत राहिली. मेकॅनिकसमोर मात्र ती कधीही मरायची नाही. त्या दिवसांत मला त्या गाडीचा इतका संताप यायचा की पार्किंगमध्ये लोक बघत असताना मी तिच्या टायरला लाथ मारली आहे.

"गाडी रस्त्यात आजारी पडतीया आन् तू तिला दुसरीकडं दाखवतुया," आण्णा म्हणाले. "मी येतो बरूबर." आणि खरंच आले. आईला न्यायच्या दिवशी ते मागे तिच्या शेजारी बसले, मांडीवर तो लांब स्क्रू ड्रायव्हर. संपूर्ण रस्ताभर मला सूचना. खड्डा आला, डावीकडनं घे. आता सावकाश. तितं पाणी साचलंय, कडंनं. कुणाचीही गाडी खड्ड्यात आदळलेली त्यांना सोसत नसे, मग स्वतः तिच्यात बसलेले असताना तर विचारूच नका. मध्येच आईशी गप्पा, तुमच्याकडं ज्वारी कशी येती, पाऊस किती. अशा खेपा बऱ्याच झाल्या. आण्णा असताना गाडी एकदाही बंद पडली नाही.

त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष माझ्यात आहे. "तुजा पाय जड हाय, सचिन. क्लच दाबतुया का चिखल तुडवतुया?" मग पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणून टाकी रिकामी केली. मग बॅटरीची टोकं घासली. मग अर्थातच अर्थिंगची पट्टी बदलली. प्रत्येक वेळी हात पुसत म्हणायचे, "आता झालं." आणि प्रत्येक वेळी मी विश्वास ठेवायचो, कारण दुसरं ठेवण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं.

शेवटी एका दुपारी परत येताना माण गावाच्या पुढे गाडी मेली, ती लवकर उठेचना. डायलिसिस झालं की आई अगदी गळून जायची, पायांत गोळे यायचे. पंक्चरच्या दुकानाच्या पत्र्याखाली तिला टायरवर बसवली. पत्रा तोकडा, सावली अशी नव्हतीच. ती उलटी आवरत बसली होती आणि मला म्हणत होती, "चिडू नकोस रे." घरी पोचल्यावर तिला आडवी केली आणि मी थेट ओट्यावर गेलो. आण्णांना म्हणालो, आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही. त्यांनी नुसती मान हलवली. मला त्यांचा राग येत होता, गाडीचा येत होता, स्वतःचाही येत होता, आणि गाडी तर पुन्हा परवा लागणार होती.

परवा ती चालूच झाली नाही. सेल मारला तर इंजिन नुसतं फिरायचं, पेट घेत नव्हतं. जाधवांनी ऑफिसला उशीर करून आम्हाला वाकडला सोडलं. त्या धांदलीत आणि वैतागात माझी किल्ली गाडीतच राहिली.

संध्याकाळी आईला घेऊन रिक्षाने परतलो तर माझ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. मी तावातावाने अंगणात शिरलो. आण्णा ओट्याच्या पायरीवर बसले होते. समोर वर्तमानपत्रावर एअर फिल्टरचा डबा, बॉनेटच्या आतल्या नमद्याच्या अस्तराचे कुरतडलेले तुकडे, भाताची फोलपटं आणि वायरींचा एक जुडगा. त्यातली एक वायर सोललेली होती आणि तिच्या तारा तुटून फिसकारलेल्या होत्या.

"फॉल्ट घावला," ते म्हणाले.

"काय होता?"

"मी."

मला कळेना. त्यांनी एक फोलपट उचलून माझ्या हातावर ठेवलं. "माजा आंबेमोहर हाय ह्यो. वास बघ. उंदीर काय इंजिन खायाला आला न्हवता. मी ताट वाढून ठिवलं हुतं त्याला." डब्याखाली उंदराने घर केलं होतं. लोंब्या संपल्यावर तो वायरींकडे वळला होता. ती वायर इतके दिवस दोन-तीन तारांवर लटकत होती. खड्ड्यात हादरा बसला की त्या सुटायच्या, जरा वेळाने टेकायच्या, आणि आज उरलेल्याही तुटल्या. आण्णा सोबत असायचे तेव्हा त्यांनी एकही खड्डा लागू दिला नाही, त्यामुळे तेव्हा त्या सुटल्याच नाहीत. हेही त्यांनीच मला समजावून सांगितलं. मग आईकडे न बघता म्हणाले, "ताई, माज्यापायी तुमी उनात बसला."

आई म्हणाली, "मानानं बांधलं होतं ना तुम्ही. उंदराला काय कळतंय." मी मात्र कित्येक महिन्यांचा राग साचवून आणला होता आणि या माणसाने तो काढायला जागाच ठेवली नव्हती. याचाही मला राग आला.

वायर त्यांनी त्याच संध्याकाळी जोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रत्येकाच्या दारात गेले, बॉनेट उघडायला लावलं, वाळकी जुडी स्वतःच्या हाताने काढली आणि हे मी बांधलं, त्यापायी उंदीर आले, असं प्रत्येकाला सांगितलं. जाधवांच्या गाडीतही फोलपटं निघाली. आपण चुकलो, असं हा माणूस कारखान्यात कधी बोलला असेल असं मला वाटत नाही. बघताना आम्हालाच कानकोंडं झालं.

त्यानंतर ते ओट्यावर येईनात. गाड्या पहिल्या सेलला बाहेर पडायला लागल्या. पहिले काही दिवस मी ऑफिसात वेळेवर पोचलो आणि खूश होतो. मग सकाळी किल्ली फिरवली की उगाच ओट्याकडे नजर जाऊ लागली. आण्णा आत, अंगणाकडे पाठ करून टीव्हीसमोर. कुणाची गाडी खरखरली तरी मान वळायची नाही. माझी गाडी आता ठणठणीत होती, आईच्या खेपा बिनघोर चालल्या होत्या, आणि तरी मला चैन पडत नव्हतं. इतकी वर्षं ज्याने उशीर करवला, तोच माणूस आता उशीर करत नाही म्हणून मी चडफडत होतो.

आईने ते माझ्याआधी ओळखलं होतं. स्वयंपाकघर, देऊळ, गाव, सगळं सुटून ती एका खोलीत येऊन पडली होती. माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं. पेरणीच्या आधीची गोष्ट. सकाळी मी तिला मागे बसवलं, गाडी चालू केली.

"बंद कर," आई म्हणाली.

मी वळून बघितलं. ती ओट्याकडे बघत होती. बंद केली.

"परत सेल मार."

असं तिने मला कितीदा करायला लावलं कुणास ठाऊक. जाधव दारात येऊन उभे राहिले. बॅटरी उतरेल, असं मी म्हणालो, तर म्हणाली उतरू दे. शेवटी आण्णा बाहेर आले. काय झालं म्हणून विचारलं.

"तुम्ही ऐकल्याबिगर मी नाही जात या गाडीतून," आई म्हणाली.

"ताई, माज्या कानाचा काय भरवसा आता."

"माझ्या त्या मशीनचा तरी कुठं भरवसा आहे? तरी आठवड्यातून तीनदा जाऊन पडतेच ना."

आण्णा पायरी उतरून गाडीजवळ आले. मग त्यांनी हात वर केला. मी बंद केली. मान तिरपी झाली, डोळे मिटले. मी सेल मारला. या वेळी त्यांनी अर्थिंगचं नाव काढलं नाही. "डावीकडनं कायतरी वाजतंय," ते म्हणाले. "लई बारीक हाय. लावणी उरकली की बघतो. तवर जावा बिनधास्त."

त्या दिवसापासून ते पुन्हा ओट्यावर येऊ लागले आणि आम्हाला पुन्हा उशीर होऊ लागला. भाताची लावणी उरकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, दुपारी जेवून पडले असताना, आण्णा झोपेतच गेले. डावीकडचं बघायचं राहून गेलं.

मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, चालवून बघितली, म्हणाले, सर, कसलाच आवाज नाही. हवं तर इंजिनाचं डावीकडचं माउंटिंग बदलून टाकू. मी म्हणालो, नको, ती खरेदी झाली. त्या पोराला काही समजलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर तिने एवढंच म्हटलं, "आण्णा म्हणाले होते डावीकडून. नीट ऐक."

कधी कधी मला वाटतं, आवाज नव्हताच. आईने बोलावलं, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्यांनी तो मनानेच काढला असेल, किंवा स्वतःला एखादं काम उरावं म्हणून. नसेलही तसं. विचारायचं कुणाला? जाता जाता हा माणूस मला एक फॉल्ट लावून गेला, याचा मला अजून राग येतो. डायलिसिसच्या दिवशी सकाळी मी आईला मागे बसवतो, गाडी चालू करतो, बंद करतो, परत सेल मारतो आणि काच खाली घेऊन थांबतो. मागे आईही श्वास धरून ऐकत असते. अजून काही सापडलेलं नाही.